रुपीबाईनं शिवलेले पॅड

भीमसिंग गोलकीपर होणार हे रुपीबाईला कळलं तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काहून? दिग्रसमंदले बाकीचे मानसं मेले का?"

मेले नव्हते, शहाणे होते. कापसाच्या जिनिंगवरच्या मजुरांनी हॉकीचा संघ काढला होता आणि त्यांचा आधीचा गोलकीपर गुडघा फोडून घेऊन घरी बसला होता. कप्तान पंजाबरावानं सगळ्यांच्या हातापाया पडून पाहिलं. होळीच्या आधी पांढरकवड्याला सामना, आणि गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. हो म्हणाला तो एकटा भीमसिंग.

त्याला कारण होतं. लग्नात सासरच्या तांड्यावर एक मारका बैल सुटला होता आणि वऱ्हाडी इकडंतिकडं पळायच्या आत नवरदेव मांडवाच्या खांबावर चढून बसला होता. तेव्हापासून केळापूरकडच्या त्या तांड्यात त्याचं नाव पडलं 'खांबवाला जवाई'. रुपीबाईचा भाऊ रामलाल ट्रक चालवायचा. दिग्रसला आला की घरापुढं भोंगा वाजवून ओरडायचा, "खांब हाय का रे मोकळा?" रुपीबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या नावापायी दोन होळ्या ती माहेरी गेली नव्हती, आणि आई बसंतीबाईच्या आठवणीनं तिला रडू यायचं ते वेगळंच.

आता हाच रामलाल पांढरकवड्याच्या संघात सगळ्यात पुढं खेळायचा. त्यानं पैज लावली होती. त्याचा एक जरी गोल झाला, तर होळीला भीमसिंगनं सगळ्या तांड्यादेखत खांबावर चढायचं. एकही झाला नाही, तर रामलाल चढणार आणि ते नाव कायमचं बंद.

"असं हाय तं," रुपीबाई म्हणाली आणि करपलेली भाकरी नवऱ्याच्याच ताटात वाढली.

सामान आणायचं काम पंजाबरावानं अंगावर घेतलं. नागपूरहून त्यानं कुणातरी उंच खेळाडूचे जुने कातडी पॅड आणले. "नवशिक्यानं मोठेच घेतले पाह्यजे," तो म्हणाला. "जास्त जागा झाकते." भीमसिंग बुटका. पॅड पार मांडीच्या वर गेले. गुडघा वाकेना. पहिला चेंडू आला तसा तो सपशेल उताणा पडला आणि त्याला उठवायला दोन माणसं लागली.

मग पंजाबरावानं जिनिंगमधला कापूस पोत्यात ठासून दुसरे पॅड केले. ते इतके जाड झाले की चेंडू आदळला की आतच रुतून बसायचा. समोरचा खेळाडू चेंडू शोधतोय, भीमसिंग चेंडू शोधतोय आणि पंजाबराव काठीनं पॅड उकरतोय, असा खेळ दोन दिवस चालला. बघायला आलेल्या बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. रुपीबाई मात्र हसली नाही.

"भाऊ, बैलाची पाठाळ कधी शिवली का तुमी?" तिनं पंजाबरावाला विचारलं.

तिच्या आजोबाच्या काळी तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचा. बैलाच्या पाठीवरची गादी, म्हणजे पाठाळ, ज्याच्या त्याच्या मापानं शिवायची. एकाची दुसऱ्याला घातली तर पाठ सोलून निघायची. रुपीबाईनं नवऱ्याला ओट्यावर बसवलं, सुतळीनं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि गुडघ्याच्या जागी घडी ठेवली. कापूस थोडाच, पण कुटून घट्ट केलेला. पुढून बांबूच्या कामट्या. "घालून उकिडवे बसा," ती म्हणायची. "आता उठा. आता पळून दाखवा. पळनं तं येतेच म्हना तुमाले."

भीमसिंग उठायचा आणि बसायचा.

राहिली एक नाजूक वस्तू. तिचं काय करायचं हे पंजाबराव भीमसिंगच्या कानात कुजबुजत होता. रुपीबाई आत गेली आणि नारळाची करवंटी फडक्यात गुंडाळून घेऊन आली. "हे पाहा बसते का," ती म्हणाली. पंजाबराव लाजून बाहेर पळाला.

इथवर सगळं नीट झालं होतं. पण कापड कोरं ठेवायचं हे तांड्यातल्या बाईच्या हाताला जमतच नाही. रुपीबाईनं रात्रीतून दोन्ही पॅडांवर लाल-पिवळा दोरा घालून आरसे टाचले, वर कवड्यांची किनार लावली. सकाळी पंजाबरावानं कपाळावर हात मारला. उसवायला वेळ नव्हता, आणि उसवा म्हणायची त्याची छाती नव्हती.

सामन्याला सासरचा अख्खा तांडा लोटला होता. पहिल्या अर्ध्या खेळात भीमसिंगचं तोंड पश्चिमेला. उतरतं ऊन आरशांवर पडलं आणि रामलाल चेंडू घेऊन आला की त्याचे डोळे दिपायचे. तीनदा त्यानं चेंडू गोलाऐवजी बाभळीत मारला. "हे काय गोलकीपर हाय का नवरी?" तो पंचावर ओरडला. पंच तहसिलीतले कारकून. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "आरशाबद्दल नियम नाई."

पण मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. ऊन भीमसिंगच्या पाठीमागं गेलं, आरसे विझले. भीमसिंगच्या कपाळावर घाम डवरला आणि तो सारखा मैदानाच्या कडेच्या खांबाकडं बघू लागला. ती नजर रुपीबाईनं ओळखली. मांडवात पाहिली होती तीच ती.

ती पट्टे आवळायचं निमित्त करून त्याच्या पायाशी बसली आणि घोट्याच्या वर दोन्ही पॅड जाड दोऱ्यानं एकमेकांना बांधून टाकले. ओढाळ बैलाला घालतात तसा पायबंद. पावलं टाकता येतील, धाव घेता येणार नाही. मग ती गोलाच्या मागं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

रामलाल पुन्हा पुन्हा येत होता. चेंडू कामट्यांवर खाडकन वाजत होते. लोक "वा रे जवाई" म्हणायला लागले, आणि रुपीबाई मनात म्हणत होती, वा रे माझा दोरा!

अगदी शेवटी रामलाल एकटा सुटला. मधे कुणी नाही. त्यानं सगळा जीव लावून चेंडू कोपऱ्यात मारला. भीमसिंगनं उजवा पाय लांब फेकला, एक आरसा खळकन फुटला आणि चेंडू बाहेर गेला. शिट्टी वाजली. तांड्यानं भीमसिंगला खांद्यावर घेतलं, आणि बसंतीबाई लेकीच्या गळ्यात पडून रडली.

गर्दी ओसरल्यावर रुपीबाई नवऱ्याला गाडीच्या आडोशाला घेऊन गेली. कुणी पाहायच्या आत दोरा कापायचा होता. वाकून पाहते तर दोरा नाही. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की पायबंद घातलेल्या माणसाला पाय एवढा लांब फेकता येत नाही.

"दोरा कुठं गेला?"

भीमसिंगनं खिशातून तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "खेळ सुरू झाल्याबरोबर तोडला. पाय फाकत नव्हते."

रुपीबाईला मान वर करवेना. हा माणूस आपल्या पायांनी उभा होता आणि आपण सारं श्रेय दोऱ्याला देत होतो. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला.

"मंग पळाले काहून नाई?"

"लय मनात आलतं," तो म्हणाला. "पन समोर रामलाल, मागं तू. त्यातल्या त्यात रामलाल बरा वाटला."

तिनं दोरा ओढणीच्या पदराला गाठ मारून बांधला आणि दबक्या आवाजात बजावलं, "तांड्यात हे कोनाले सांगू नका."

"दोऱ्याचं?"

"दोऱ्याचं सांगा खुशाल. मले भेता ते सांगू नका. नाई तं नवं नाव पडन."