वीतभर हिरवी वायर

सिस्टरच्या उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत गुंडाळलेली दिसली, तेव्हाच ताईचं डोकं तापायला लागलं. टेकडीवरच्या या तीन खोल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर पडद्यावरूनच रोगी तपासतात. त्यासाठी गच्चीवर खांब उभारून बिनतारी नेट आणून दिलं होतं ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने. काल दुपारी समोरच्या उतारावर वीज पडली. झटका गच्चीवरून केबलमधून थेट टेबलापर्यंत उतरला, आणि सिस्टर नेमकी तेव्हाच अडॅप्टर काढायला गेली होती.

"तुमचे भाऊ म्हणाले होते, विजेची काळजी करू नका," सिस्टर म्हणाली.

दुखरा गुडघा रेटत ताई शिडीने गच्चीवर गेली.

खांबावरच्या यंत्राला लागणारी वीजही नेटच्याच केबलमधून जाते. म्हणून खांबापाशी सर्ज प्रोटेक्टर बसवायचा, त्याची हिरवी वायर जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या सळईला जोडायची, म्हणजे आगंतुक झटका परस्पर मातीत जातो. एवढं साधं काम! प्रोटेक्टर जागेवर होता. हिरवी वायर ऐटीत पाइपात शिरत होती, अगदी भावाने पाठवलेल्या फोटोतल्यासारखी. गुडघा धरल्यापासून ताई शिडी चढत नसे. फोटो बघायची आणि चहा पिता पिता 'ओके' लिहून मोकळी व्हायची.

तिने वायर ओढली. ती अलगद हातात आली. जेमतेम वीतभर, टोकाला सुबक टेप.

तिने भावाला फोन लावला.

"दवाखान्याची सळई कुठे ठोकलीस?"

"खाली... म्हणजे, भिंतीपाशी."

"वीतभर वायर आहे माझ्या हातात! कुणाला उल्लू बनवतोस?"

"ताई, तिथे सगळा कातळ आहे गं. सळई दोन बोटंही आत जाईना. काम संध्याकाळपर्यंत उरकायचं होतं. आणि तुला काय, फोटोत वायर दिसली की झालं."

हे शेवटचं वाक्य तिला झोंबलं, कारण ते खरं होतं.

"मग मला सांगायला जीभ झडली होती तुझी? अजून किती ठिकाणी असंच केलंयस?"

"अकरा."

"शाळेवरसुद्धा?"

"हो."

"गाढवा, आभाळ मोकळं आहे तोवर अकराही जणांना केबल काढून ठेवायला सांग. माझा फोन ठेवलास की लगेच." तिचा आवाज चिरकला. "आणि आपल्या घरावरचं?"

"घरचं एकदम पक्कं आहे," तो घाईने म्हणाला, तेवढ्याबद्दल तरी शाबासकी मिळेल अशा सुरात. "तिथेही कातळच होता, पण मशीन आणून फोडला मी. आई असते ना घरात."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे याला सगळं येत होतं. कुठे जीव लावायचा आणि कुठे टेप, हेसुद्धा त्याने ठरवून केलं होतं.

फोन चालू ठेवूनच ती एकेक पायरी खाली उतरली. सिस्टर डाव्या हाताने औषधाच्या चिठ्ठ्या लिहायची खटपट करत होती. ताईने फोन तिच्या कानाला लावून धरला.

"बोल," ती भावाला म्हणाली. "आत्ता मला सांगितलंस तेच, शब्दन् शब्द. तुझं झालं की मला माझ्या 'ओके'चं सांगायचंय."

"हॅलो?" सिस्टर म्हणाली. "बोला ना, भाऊ."