डोलीचा पुढचा माणूस

त्र्यंबकला गंगाद्वाराच्या पायऱ्या सुरू होतात तिथे डोलीवाले बसतात. त्यांच्यात सगळ्यात तोंडाळ कोण, असं विचारलं की पूर्वी जो तो देवरामकडे बोट दाखवायचा. गेली पावणेदोन वर्षं मात्र हा गडी गप्प होता. चिंचेखाली काठ्यांचा भारा घेऊन बसायचा आणि डोंगर चढणाऱ्यांना काठी भाड्याने द्यायचा. पावसाळ्यात नाशिकची कॉलेजची पोरं स्कूटरवर यायची, मुंबईच्या बसमधून कुटुंबंच्या कुटुंबं उतरायची. धबधब्याखाली भिजायचं, माकडांना फुटाणे टाकायचे, कुशावर्तात पाय बुडवायचे आणि संध्याकाळी मक्याचं कणीस खात परत जायचं, असा त्यांचा कार्यक्रम.

"बाबा, वर बघण्यासारखं काय आहे हो?" कुणी विचारायचं.

"डोंगर हाय," देवराम म्हणायचा. "खालून दिसतो तोच."

असल्या माणसाकडून काठी कोण घेणार! पण त्याला काठ्यांचं काही पडलेलंच नव्हतं. तो तिथे बसायचा तो रावजीवरचा राग शिजत ठेवायला.

रावजी म्हणजे त्याच्या डोलीचा पुढचा माणूस. डोली म्हणजे काय, तर एक लांब सागाचा दांडा आणि त्याला दोरांनी टांगलेली खुर्ची. दोन माणसं, दोन खांदे. सतरा वर्षं पुढे रावजी आणि मागे देवराम. सातशे पायऱ्या चढायच्या, त्याही कुणाची तरी सासू, कुणाचा तरी दमेकरी मामा घेऊन. या धंद्याची एक रीत आहे: खुर्ची पुढच्याने बांधायची, मागच्याने नुसतं उचलायचं. गाठीला हात लावायचा नाही, कुठे बांधली ते विचारायचं नाही. मागच्याने विचारलं म्हणजे पुढच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो. देवराम तोंडाने कितीही फटकळ असला तरी रीतीला पक्का. सतरा वर्षांत त्याने कधी दोराकडे पाहिलं नाही.

दोघंही एकटे. देवरामची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, मूलही गेलं. रावजीची चंद्रभागा बऱ्याच वर्षांनी गेली आणि एकुलती लेक छाया दिंडोरीला दिली. संध्याकाळी डोली उतरली की दोघं रावजीच्या ओट्यावर बसायचे. देवराम बोलायचा, रावजी हूं हूं करायचा. एवढंच. पण एवढ्यावर माणसाचा जन्म जातो.

आणि मग त्या दिवाळीनंतर रावजी म्हणाला, "देवा, माझा गुडघा गेला. आता होत नाय. लेक न्यायला येतीये."

चार डोलीवाल्यांसमोर देवरामचं डोकं फिरलं. "गुडघा गेला का नियत गेली? पन्नाशीत कसला रं गुडघा? जा, जा! लेकीच्या दारात बसून आयते तुकडे मोड!"

आता आपल्याकडे बापाला याहून वाईट शिवी नाही. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी माणसं आपण. रावजीने मान खाली घातली आणि लंगडत गेला. लंगडत गेला हे देवरामने पाहिलं होतं, खोटं कशाला बोला. पण ते सोंग आहे असं त्याने स्वतःला सांगितलं. तसं नसतं सांगितलं तर रात्री झोप कशी लागली असती? तशीही लागत नव्हतीच. एकट्यापुरती भाकरी थापायची आणि भिंतीकडे तोंड करून खायची. बोलायला माणूस नाही म्हटल्यावर बोलणंच आटलं.

मग कुंभमेळ्याचं वर्ष आलं. त्र्यंबकला पाय ठेवायला जागा उरली नाही. पेठकडचा कोंडाजी नावाचा चांगला दणकट बाप्या कामाला आला, त्याला जोडीदार नव्हता. मुकादम म्हणाला, "देवराम, तुझी डोली पडून हाय. उठ की आता."

देवराम उठला. कमाईसाठी नाही हं. त्याला एकच दाखवायचं होतं, की रावजीवाचून अडत नाही. त्र्यंबकला शिंकलं तर दिंडोरीला ऐकू जातं. देवराम पुन्हा वर चढतो, तोही पंचावन्नाव्या वर्षी, ही बातमी रावजीच्या कानावर गेली की झालं. मग कळलं असतं जगाला कामचुकार कोण ते.

पहिलं गिऱ्हाईक आलं, नाशकातल्या एक रिटायर बाई. बारीक चणीच्या, हातात छत्री. वजन ते काय असणार! कोंडाजीने खुर्ची बांधली, देवरामने रीतीप्रमाणे तिकडे पाहिलं नाही. "उचल!" म्हणाला आणि खांदा दिला.

खांद्यावर कुणी डोंगर ठेवला की काय! पहिल्या वीस पायऱ्या त्याने दात खाऊन काढल्या. चाळिसाव्या पायरीला पोटऱ्या लटलटायला लागल्या. सत्तरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि दांडा खांद्यावरून घसरायला लागला.

"टेकव! टेकव!" तो ओरडला.

बाई बिचाऱ्या घाबरून उतरल्या. "अहो, राहू द्या. मी चालते हळूहळू. तुम्हीच जरा बसा." असं म्हणून त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि खरंच छत्री टेकत टेकत चालायला लागल्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते. देवरामला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

"कोंडाजी, खुर्ची कुठं बांधलीस तू?" रीत मोडून त्याने विचारलं.

"कुठं म्हंजे? मधोमध. निम्मं तुमाला, निम्मं मला." कोंडाजीने दांडा आडवा धरला आणि तो निरखायला लागला. "पण काका, ह्या दांड्याला खाचा लय हायेत."

दोर एकाच जागी वर्षानुवर्षं कसला की लाकडाला खाच पडते. मधोमध एक खाच होती, जुनी, बुजत आलेली. तिच्यापुढे चार बोटांवर दुसरी. मग वीतभर अंतरावर तिसरी. आणि सगळ्यात खोल, गुळगुळीत झालेली खाच मध्यापासून दोन विती पुढे, पार पुढच्या खांद्याजवळ.

कोंडाजीने वितीने मोजलं आणि हसला. "पुढं कोण होता वो? माणूस का बैल? सगळं वजन तर त्यानंच नेलंय. तुम्ही नुसता दांडा धरून फिरलात!"

देवराम पायरीवर बसला. माणसं बाजूने चढत राहिली. त्याने त्या खाचेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कधीपासून? त्याला आठवलं, सात-आठ वर्षांपूर्वी त्याला टायफॉईड झाला होता. त्यातून उठल्यावर चार दिवस दम लागला आणि मग आपोआप बरं वाटायला लागलं. "आपली हाडं जुनी हायेत, रावजी!" असं तो छाती ठोकून म्हणाला होता. रावजीने हूं केलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने नाशिकची बस धरली आणि तिथून दिंडोरीची. वाटेत काय बोलायचं ते सारखं घोकत होता. छाटणीचे दिवस होते, द्राक्षबागांत माणसंच माणसं. विचारत विचारत तो एका मळ्यातल्या दोन खोल्यांशी पोहोचला. दारात प्लास्टिकच्या खुर्चीत रावजी बसला होता. दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे झालेले, शेजारी कुबडी.

"आलास?" रावजी म्हणाला.

"आलो."

छाया बाहेर आली. तिने देवरामला ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला. आत जाऊन तिने ताट आणलं, भाकरी आणि मेथीची भाजी. त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "काका, लेकीच्या घरचा तुकडा चालंल ना तुमाला?"

"छाये!" रावजी दटावून म्हणाला.

"बोलू दे तिला," देवराम म्हणाला. त्याने भाकरी मोडली. घासागणिक पाणी पीत सगळं ताट संपवलं. छाया ताट उचलून आत गेली.

घोकलेलं सगळं तो विसरला होता. एकदम म्हणाला, "कोंडाजीनं मधोमध बांधली. सत्तर पायऱ्या नाय झाल्या माझ्यानं."

रावजीने कुबडी उचलून भिंतीला टेकवली.

"मला सांगितलं का नाय तू? दोन विती, रावजी? दोन विती? तुझे गुडघे मी खाल्ले आणि वर तुलाच चारचौघांत..." पंचावन्न वर्षांचा बाप्या दुसऱ्याच्या दारात बसून लहान पोरासारखा रडला.

रावजीने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "उपकार केलं असं समजू नको. सांगितलं असतं तर तू डोली सोडली असतीस. तुझा स्वभाव मला म्हाईत नाय? तू घरी बसलास की मी कोणासंगं चढायचं? चंद्रभागा गेल्यावर घरात बोलणारं कोण होतं मला? दिवसभर तुझी बडबड मागून ऐकू यायची. तेवढ्यासाठी केलं. माझ्या मतलबासाठी."

"आणि मी पावणेदोन वर्षं..."

"हां," रावजी म्हणाला. "पयले सहा म्हयने लय राग आला मला तुझा. तरी वाट बघायचो. दिंडोरीची बस आली की ह्या वळणावरून माणसं येताना दिसतात. मग एक दिवस छायाला म्हणलं, खुर्ची आत घे. आजच कशी बाहेर टाकली तिनं, कोण जाणे."

पाचची बस होती. उठायची वेळ झाली तरी देवराम उठेना. शेवटी छायानेच सांगितलं, काका, ही चुकली तर मग नाशिकहून पुढची मिळायची नाही. देवरामने टोपी घातली, रावजीच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा खांदा, घट्टे पडून दगडासारखा झालेला.

"सोमवारी येतो मी," तो म्हणाला. "दर सोमवारी येत जाईन."

"ये," रावजी म्हणाला. "पण सांगून जाऊ नको, देवा. सांगितलंस की मला वाट बघावी लागती."