साहेबरावाची नजर

साहेबरावाने टीव्हीकडे पाहिलं की भारताची विकेट पडते, याबद्दल टेंभुर्णीतल्या त्याच्या गल्लीत कुणालाही शंका नव्हती. एकदा तो शेजारच्या पुंजारामच्या घरात डोकावला, "काय म्हनतंय स्कोर?" म्हणाला आणि तेवढ्यात गडी बाद झाला. पुढच्या सामन्यातही तेच. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, पण ते कुणी ध्यानातच ठेवलं नाही.

तेव्हापासून सामना असला की साहेबरावाची रवानगी पुंजारामच्या गोठ्यात. घरातून शिट्ट्या आल्या की चौकार, शिव्या आल्या की विकेट, असा हिशेब लावत तो म्हशीला पेंड चारायचा. तरीही विकेटी पडल्याच, तर गल्लीचा शहाणा तातेराव येऊन दरडावायचा, "खरं सांग, मनात मॅचचा इचार केल्ता का?" साहेबराव बिचारा कबूल करून टाकायचा, कारण थोडा केलेला असायचाच.

अंतिम सामना आला. साहेबरावाला फार वाटत होतं, एकदा तरी चारचौघांत बसून, टाळ्या पिटत मॅच बघावी. पण सांगणार कुणाला?

त्या दिवशी समोरच्या संघाची सलामीची जोडी फुटता फुटेना. घामाघूम झालेल्या तातेरावाच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"अरे, साहेबरावाला आना! जल्दी!"

साहेबरावाला पहिल्या खुर्चीवर बसवलं. चहासुद्धा आला. त्याने डोळे वटारून पाहिलं. चौकार. मान तिरकी करून पाहिलं. षटकार.

"ते स्कोरचं म्हन," तातेराव कुजबुजला.

"काय म्हनतंय स्कोर?" साहेबराव ओरडला. चेंडू प्रेक्षकांत गेला.

डाव संपेपर्यंत साहेबरावाचे डोळे चुरचुरायला लागले, पण ती जोडी जागची हलली नाही. "तुह्यात काई दम न्हाई राह्यला," तातेराव चिडला. साहेबरावाला हे ऐकून इतका आनंद झाला की तो हसू दाबत बसला. नजर बिनकामाची असेल, तर आता आपला डावही बघता येईल!

"ऊठ मंग. आपली बॅटिंग आली. जा गोठ्यात," तातेराव म्हणाला. "तुही नजर आपल्याच टीमला लागती, हे आज बराबर कळलं."

पुंजारामची बायको नंदाबाई कपबश्या उचलत होती. ती तिथेच थांबली.

"आन् मागच्या मॅचला भावजी गोठ्यात व्हते, तवा सात गडी गेल्ते. ते काय म्हैस पाहून राह्यली व्हती?"

तातेरावाने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. साहेबराव तसाच बसून राहिला.

आपला डाव सुरू झाला. पहिलाच चेंडू. दांडी गुल!

सगळ्या माना साहेबरावाकडे वळल्या. खरं सांगायचं तर स्वतःच्या नजरेवर गल्लीत सगळ्यात जास्त विश्वास त्याचाच होता. तो आपणहून उठला आणि खाली मान घालून दाराकडे निघाला.

"बसा भावजी," नंदाबाई म्हणाली. "तिकडं बसून सात गेल्ते. इथं बसून एकच गेला. अजून सहा जाऊ द्या, मंग बघू."

साहेबराव परत फिरला. खुर्ची तातेरावाने बळकावली होती, म्हणून तो जमिनीवर बसला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मॅच बघू लागला.