राणी ऊर्फ मेली

मास्तरांनी तीस वर्षं लोकांना मोटार शिकवली, पण मांजर घेऊन पाचशे किलोमीटर जायची ही पहिलीच वेळ. बायको सात महिन्यांपूर्वी वारली. आता मास्तर कायमचे मुलीकडे निघाले होते आणि बायकोची मांजर मागच्या सीटवर टोपलीत होती.

मांजरीचं कागदोपत्री नाव राणी. पण बायको दिवसभर "मेली दुधात तोंड घालते, मेली पायात येते" असं करवादायची, त्यामुळे ही बया ओ द्यायची ती फक्त 'मेली'ला. बायको गेल्यापासून मास्तरांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

पहिले दोन तास मांजरीनं ओरडून कान किटवले. मग एकदम चिडीचूप. मास्तरांनी गाडी कडेला घेऊन "राणी, राणी" करून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "मांजर कशी आहे?"

"मेली मघापासून..." एवढं मास्तरांच्या तोंडून निसटलं आणि रेंज गेली.

पुन्हा फोन वाजला तेव्हा पलीकडे मुलगी रडत होती. "बाबा, आईची तेवढीच एक उरली होती हो."

"अगं, जिवंत आहे ती! मी नुसतं नाव घेतलं तिचं."

"खोटं सांगू नका. आईच्या वेळीही 'बरी आहे' म्हणाला होतात."

मास्तर वैतागले. फोन टोपलीपाशी धरून थेट बायकोच्या सुरात ओरडले, "मेली!"

टोपलीतून ताबडतोब ओ आली.

मुलीनं ती ऐकली. रडू मात्र थांबेना.