वांगावरचं लोशन

"पदर घे गं तोंडावर! ऊन काय कुणाच्या बापाचं असतंय?"

शेवंतीआत्याची ही हाक परभणीकडच्या रानातली, पंचशीला परकरात होती तेव्हाची. खुरपता खुरपता आत्या पुढं गायची,

ऊन गं उतरलं जोंधळ्याच्या पानावरी,
लेक माझी उभी, सावली धरा कुणीतरी.

आता जोंधळा नव्हता, मिरा रोडच्या इमारती होत्या, आणि पदर धरायला हात मोकळा नव्हता. दवाखान्यातर्फे पंचशीला घरोघर फिरायची, तान्ह्या बाळांच्या आयांना लशीची आठवण करून द्यायला. खांद्याला पिशवी, कडेवर बहुतेक वेळा कुणाचं तरी पोर. फिरून फिरून दोन्ही गालांवर वांग उठले.

"ऊन टाळा, नाहीतर सनस्क्रीन लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्यापरीस नोकरीच टाळ की," सासूबाई, चंपाबाई म्हणाल्या. नवरा उदय पेपरामागून नुसता "हं" म्हणाला. पंचशीलाला त्या 'हं'चीच धास्ती. अजून एकदोनदा तो आईच्या बोलण्याला असा 'हं' म्हणाला की नोकरी गेलीच म्हणायची.

संध्याकाळी ती शांती नगरात चंदनभाईंच्या मेडिकलात गेली.

"भाई, वांग के लिए कुछ दो ना. मुँह पे आया है."

"मुँह पे बैंगन?" चंदनभाई चष्म्यावरून बघत राहिले. "भाजीवाला तो बाहर बैठता है, बेन."

"बैंगन नहीं हो! वांग. ये देखो, काला-काला."

"अरे, झाँई बोलो ने!" त्यांनी गोरं करणारी क्रीम पुढं सरकवली.

"गोरी नहीं होना है, भाई. धूप में चलना है."

मग त्यांनी सनस्क्रीनची ट्यूब काढली. ती निघाली तुपासारखी. दोन जिने चढेतो घामाबरोबर डोळ्यांत उतरली. दार उघडणारी बाई घाबरलीच. "रडताय का ताई? कुणी काय बोललं का?"

दुसरी ट्यूब आणली, ती डोळ्यांत गेली नाही, पण चुन्यासारखी बसली. बेव्हर्ली पार्कातल्या एका बाळानं तिच्या गालाला गाल लावला आणि स्वतः पांढरं होऊन परतलं. त्याची आजी पोट धरून हसली. "हमारे मुन्ने को भी सफेदी मार दी!"

चंदनभाईंनी आता नीट विचारलं, घाम किती येतो, तोंड कधी धुता, कितीला निघता. मग पाण्यासारखं पातळ लोशन दिलं. निघायच्या थोडं आधी लावायचं, दुपारी तोंड धुऊन परत लावायचं. हे जमलं. ना झोंबलं, ना बाळांना लागलं.

पण घरात त्याचीच चर्चा.

"आज पण चोपडलं का?" सकाळी ती आरशासमोर असताना चंपाबाई म्हणाल्या. "वरातीला चाललीय जशी!"

उदयनं पेपर खाली ठेवला. "आई बरोबर बोलतीय. तोंडाची एवढी काळजी, तर घरीच बस ना पंख्याखाली. मी सांगू का दवाखान्यात?"

पंचशीलानं लोशनच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तोंडाची काळजी तुम्हाला आहे, मला नाही. वांग राहू दे नाहीतर जाऊ दे. मला घरी बसायचं नाही, म्हणून लावतेय हे. मी जिन्यात पाय टाकला की वरून पोरं ओरडतात, 'पंचशीलाताई आल्या!' इथं मला दिवसभर कुणी नावानं हाक मारत नाही, आई. मला ते रोज ऐकायचंय."