सात खाटांचं सुंभ

लोणारला येणारा पाहुणा कड्यावर उभा राहून खाली डोकावतो, "बापरे" म्हणतो, फोटो काढतो आणि मेहकरची बस धरतो. एवढ्या लांबून यायचं आणि तळ्याच्या पाण्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही. आमच्या माणिकरावांना अशा पाहुण्याची कीव यायची. बस थांबते तिथंच ते त्याला गाठायचे आणि खाली उतरवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

कुठल्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी ते दाखवायचे. आडव्या मारुतीच्या दगडाजवळ होकायंत्र धरायला लावायचे आणि सुई भरकटली की पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. काठच्या वाळूत लोहचुंबक फिरवायला द्यायचे; त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या की चांगली शिकलेली माणसंही पोरांसारखी खिदळायची. पण त्यांचा हुकमी खेळ म्हणजे तळ मोजणं. चार रिकामी पिंपं आणि बांबू बांधून त्यांनी एक तराफा केला होता. दोन-दोन पाहुण्यांना त्यावर बसवून मध्यावर न्यायचं आणि दगड बांधलेलं अंबाडीचं सुंभ पाण्यात सोडायचं. सात खाटा विणून होतील एवढं लांब सुंभ. वाऱ्यानं तराफा हळूहळू सरकत राहायचा, सुंभ जात राहायचं, आणि शेवटचं टोक हातात उरलं की माणिकराव मान हलवायचे. तळ नाही. ती दोरी मात्र ते कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. काठच्या कमळजादेवीची दोरी आहे, परक्यानं धरू नये, असं सांगायचे.

पाहुणे गप्प झाले की उपरण्यानं डोळे टिपत ते धाकट्या भावाची गोष्ट काढायचे. रंगराव त्याचं नाव. अमावस्येच्या सकाळी पाण्यात उतरला तो गेलाच. काठावर धोतर, पागोटं आणि जोडा तेवढा राहिला. प्रेत हाती लागलं नाही. जिथं तळच नाही तिथं शोधणार तरी कुठं? हे ऐकून पाहुण्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

तो रंगराव म्हणजे माझा नवरा. मी रुखमाबाई.

पंधरा वर्षं मी ही गोष्ट ऐकत आले, कारण पाहुण्यांचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. भाकरी, पिठलं, ठेचा टोपलीत भरून मी झऱ्याच्या धारेशेजारच्या वाटेनं खाली उतरायचे. गोष्ट संपेस्तोवर माझी ताटं मांडून व्हायची. आधी काळजात कळ यायची. मग सवय झाली, आणि सवय झाली याचाच राग यायला लागला.

माणिकरावांशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात भासऱ्यांपुढं सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि तोंड उघडत नाही. काही सांगायचं झालं तर जाऊबाईंना, विमलबाईंना सांगायचं, आणि त्या नसल्या तर भिंतीला. पीठ सरलं, सरपण सरलं, हे मी इतक्या वेळा भिंतीला सांगितलंय की त्या भिंतीला आमचा सगळा संसार पाठ असेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. तळं आटून मधोमध गोळा झालं होतं आणि काठ पांढऱ्या खारानं भरून गेला होता. त्याच वैशाखात माझ्या कोकिळाचं लग्न ठरलं. बाप गेला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. मुलगा धाड गावचा, घर चांगलं, माणसं रीतभात पाळणारी. हळदीला आईच्या जागी विमलबाई बसणार, हे कुणी ठरवावंही लागलं नाही. साखरपुड्याला मी चुलीपाशी पुऱ्या तळत होते आणि पोरीची ओटी भरलेली दाराच्या फटीतून पाहिली होती. तेही मी गिळलं होतं. पण हळद माझ्या हातानं लागावी असं फार वाटत होतं. पोरीच्या गालाला एकदा हात लावायचा, एवढंच मागणं होतं, आणि ते बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

हळदीला चार दिवस उरले असताना औरंगाबादच्या कॉलेजातून गौसिया मॅडम आल्या. दगडमातीचं शास्त्र शिकवायच्या. बरोबर आठ पोरं-पोरी, आणि कमरेला चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेला हातोडा. मारुती झाला, चुंबक झाला, मग दोन पोरांना घेऊन त्या तराफ्यावर बसल्या. मी टोपली घेऊन काठावर पोचले तेव्हा सुंभ सोडून झालं होतं. मॅडमनी ते हातात मागितलं. माणिकरावांनी देवीचं कारण सांगितलं. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या पिशवीतून फुटाफुटावर लाल धागा बांधलेली दोरी काढली, तिला हातोडा बांधला आणि पाण्यात सोडला.

हातोडा लगेच टेकला.

त्यांनी तराफा पुढं न्यायला लावला आणि पुन्हा टाकला. असं पाच ठिकाणी केलं. तराफ्यावरची पोरं आकडे ओरडून सांगत होती आणि काठावरची वहीत लिहून घेत होती. सात फूट. साडेसहा. सात. पाच. पुन्हा सात. माणिकराव हातात बांबू घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुंभ खोल जातच नव्हतं, सरकत्या तराफ्यामागं तळावर नुसतं पसरत होतं. मला आधी थोडं हसूच आलं. एवढ्या वर्षांचं बिंग एका बाईनं फोडलं म्हणून बरंही वाटलं. मी खरंच मूर्ख, त्यापुढचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

जेवायला बसल्यावर एका पोरीनं विचारलं, मग या काकांच्या भावाचं काय झालं असेल? मॅडमनी खडकावरची जुन्या पाण्याची पांढरी रेघ दाखवली. भरल्या वर्षीसुद्धा पाणी दोन पुरुष खोल, फार तर तीन, असं त्या म्हणाल्या. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडत, पोरांना शिकवावं तशा सुरात त्यांनी पुढचं सांगितलं.

"आणि इतक्या खाऱ्या पाण्यात माणूस तळाशी राहतच नाही. हे पाणी जड असतं, ते त्याला वर ढकलतं. दोन-तीन दिवसांत प्रेत काठाला लागायलाच पाहिजे."

मी त्यांना पिठलं वाढत होते. ते ताटात पडायचं ते माझ्याच डाव्या हातावर पडलं. चटका बसलेला मला कळला नाही. मॅडमनी हात धरून पुसला तेव्हा दिसला.

मला धोतराची घडी आठवली. रंगराव धोतर सोडलं की तिथंच टाकणारा माणूस. पंधरा पावलांवरच्या दोरीवर त्यानं कधी ते वाळत घातलं नाही. काठावर मात्र चौपदरी घडी होती आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता. ही घडी त्याची नाही, हे त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं. पण अशा वेळी बाईनं काय काय विचारायचं? बांगड्या फोडायला बायका येऊन बसल्या होत्या.

मॅडमचा घोळका वर चढायला लागला. माणिकराव तराफा काठावर ओढत होते. ऊन मी म्हणत होतं आणि आसपास कुणी नव्हतं. मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता तसाच राहू दिला. रीत तेवढीच पाळली.

"दादा, ते कुठं हायत?"

त्यांच्या हातातून दोरी सुटली. प्रश्नानं दचकले की माझ्या आवाजानं, कोण जाणे. मग ते तराफ्यावर बसले आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. वडनेर भोलजीची एक नवऱ्यानं टाकलेली बाई होती. रंगराव तिच्याबरोबर निघून गेला. त्या सकाळी माणिकरावांनीच त्याला बसमध्ये बसवून दिलं आणि परत येऊन त्याचे कपडे काठावर ठेवले. पळाला म्हटलं असतं तर घराच्या तोंडाला काळं लागलं असतं, बुडाला म्हटलं की लोक हात जोडतात. आता तो भुसावळला एका गोदामात काम करतो. दोन मुलगे आहेत. वर्षातून एकदा दोघे भाऊ भेटतात.

"कोकिळाचं लगन हाय, हे माहीत हाय त्यायले?"

"हाव."

"मग?"

"म्हणे, दादा, तुमीच पाहून घ्या."

मी मटकन त्या खारावर बसले. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दर अमावस्येला ज्याच्या नावानं मी या तळ्यावर पाणी सोडत होते, तो माणूस त्या वेळी भुसावळला जेवत होता. मी मोकळं कपाळ घेऊन वावरले, सणावाराला दाराआड राहिले, हिरवा खण कुणी देऊ केला तर मागं सरले. हे सगळं मी मेलेल्या माणसासाठी केलं होतं, आणि मेलेलं तर कुणी नव्हतंच.

माणिकरावांनी हात जोडले. आधी पोरीचं लग्न होऊ द्या, म्हणाले. बाप पळालेला हे धाडच्या माणसांना कळलं तर ती दारातून परत फिरतील. लग्न झालं की मी स्वतः चार माणसांत सांगेन. मी टोपली उचलून उठले. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

चार दिवस मी तांदूळ निवडले, डाळ भरडली, हळकुंडं मात्र विमलबाईंनी दळली. मला ऊन बाधलं असं समजून त्या कांद्याचा रस काढून देत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. कोकिळा येताजाता गळ्यात पडायची. तिला सांगावं असं दहा वेळा जिभेवर आलं. दहा वेळा मी मोडलेलं लग्न डोळ्यांपुढं आणलं आणि गप्प बसले.

हळदीचा दिवस उजाडला. नवऱ्या मुलाची आत्या धाडहून त्याची उष्टी हळद ताटात घेऊन आली. नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळदच नवरीला लावायची असते. मांडवात पाटावर कोकिळा बसली. बायकांनी गाणं धरलं. विमलबाईंनी हळदीची वाटी हातात घेतली.

मी चुलीपाशी होते. तिथून मांडवात कशी आले ते मला आजही सांगता येत नाही. मी विमलबाईंच्या हातातल्या वाटीत चार बोटं बुडवली, आणि गाणं बंद पडलं.

"रुखमा, काय करून राह्यली तू?" विमलबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

मी माणिकरावांकडे पाहिलं. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी हात पोरीच्या गालाकडे नेला.

आणि कोकिळाची मान मागं गेली.

फार नाही, दोन बोटं. पण गेली. तिच्या डोळ्यांत भीती होती, माझ्या हाताची. हे तिला शिकवलं कुणी? मीच. परीक्षेला निघालीस की आधी काकूचं तोंड बघ, माझं नको, असं मी तिला दरवर्षी सांगत आले होते. भुसावळचं ऐकलं तेव्हा निदान खाली बसता तरी आलं. इथं माझा हात तसाच हवेत राहिला आणि तो मागं घ्यायचंही मला सुचेना. एक वाक्य बोलले असते तर पोर पुढं झाली असती. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. तिचं लग्न माझ्या हातानं मोडायची माझी हिंमत नव्हती.

"कोकिळे, लावून घे."

माणिकराव खांब सोडून पुढं आले होते. पाहुण्यांना गोष्ट सांगतानाचा तो भरदार आवाज आता त्यांच्यापाशी नव्हता.

"तुही माय विधवा नाही. तुहा बाप जित्ता हाय, भुसावळले. बुडाला म्हणून मीच खोटं बोललो. पंधरा वरसं."

विमलबाईंच्या हातातली वाटी कलली आणि थोडी हळद पाटावर सांडली, तिकडंही कुणाचं लक्ष नव्हतं. धाडची आत्या ताट धरून जिथल्या तिथं उभी होती. माणिकरावांनी कुणाकडेच पाहिलं नाही. घराचं नाव त्यांनी पंधरा वर्षं जपलं होतं आणि भर मांडवात स्वतःच खाली ठेवलं.

कोकिळा माझ्याकडे बघत होती.

"आई, तुले ठाऊक होतं?"

"चार दिसांपासून."

चार दिवस मी तिला काही न सांगता तांदूळ का निवडत होते, हे तिला कळलं असावं. तिनं माझं मनगट धरलं आणि हळदीचा हात आपल्या गालावर दाबला, इतका जोरात की तिचे दात माझ्या बोटांना लागले.

आत्या अजून बोलली नव्हती. ती आता ताट खाली ठेवणार की आल्या पावली ते घेऊन जाणार, मला ठाऊक नव्हतं. मी विमलबाईंकडून वाटी घेतली, दुसरा हात तिच्यात बुडवला आणि पोरीचा दुसरा गाल धरला.