पत्रकातली माझी ओळ

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. एकदा गाठींवर काढा विकणाऱ्या एका काढेवाल्याचं पत्रक आलं. मजकूर इतका रुक्ष होता की मला राहवलं नाही. गंमत म्हणून मी वर एक ओळ घातली: 'चमच्याने भागतं, तिथे सुरी कशाला?' काढेवाला खूश झाला. खोटं कशाला बोलू, मीही झालो.

यंदा ताईच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, "लवकर सापडलीय. सोमवारी काढून टाकू, बऱ्या व्हाल." घरी आल्यावर ताईने कपाटातून काढ्याची बाटली काढली आणि तेच पत्रक माझ्यापुढे धरलं.

"वाच. अनुभवी माणसाशिवाय असं कोण लिहील?"

"ताई, ती ओळ माझी आहे."

"तुझी?" गाठ सापडल्यापासून ती पहिल्यांदाच पोट धरून हसली. "अरे, शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे."

हे मात्र खरं होतं. मी छापखान्याच्या मालकांना साक्षीला आणलं. त्यांना चहा देऊन ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी."

सोमवार गेला. डॉक्टरांचे दोन फोन आले, दोन्ही तिने मला घेऊ दिले नाहीत. काही महिन्यांत गाठ काखेपर्यंत पसरली; आता तिचा उजवा हात सुजलाय, वर उचलत नाही. म्हणून काढ्याचा चमचा मी भरतो आणि तिच्या तोंडाशी नेतो.

"सांडू नकोस," ती म्हणते. "तेवढं तरी नीट कर."